ब्रॉनीचं झाकलेलं ताट

१ डिसेंबर, सकाळ

नवी वही. आधी सगळ्यांची विचारपूस, मग काम. पत्रातही माझी हीच रीत होती.

रॉसचा गुडघा कसा आहे? काल बोटीवर चढला, म्हणजे बरा असणार. भांडी घासायची वेळ आली की मात्र दुखतो. ब्रॉनीचा खोकला? गेला म्हणते, पण अंगणापलीकडून ऐकू येतो. शेजारच्या आयव्हीचा डोळा? ऑपरेशन झालं, आता तिला आमच्या पडद्यांवरची धूळ दिसते. टफीचा कान? वास मारतो. शी. कुत्र्याला औषध घालताना रॉस आणि कुत्रा दोघंही पळून जातात.

आणि मी? ठणठणीत. कारण आजपासून ब्रॉनीच्या धंद्याचं फोनवरचं पेज माझ्या ताब्यात आहे.

रॉसला अजून कळत नाही आपली मुलगी काय करते. क्लबात सांगतो, दाई आहे. दाई नव्हे रे बाबा, डूला. दाई बाळ काढते. डूला बाईचा हात धरून बसते, कंबर चोळते, पाणी पाजते, नको त्या माणसांना बाहेर ठेवते. घरी बाळंत होणाऱ्यांना ती कोमट पाण्याचा रबरी हौदही भाड्याने देते. धंद्याचं नाव ‘पहिली लाट’. नाव मी सुचवलेलं नाही, तरी बरं आहे.

पण फेब्रुवारीनंतर तिच्याकडे एकाही बाईचं नाव नाही. कुणी नाही आलं तर पुन्हा औषधाच्या दुकानात उभी राहीन, असं परवा हसत म्हणाली. मला ते हसणं आवडलं नाही.

म्हणून मी. नाताळात सगळी दुनिया फोनवर असते. नाताळभरात नीट नियोजन केलं तर आषाढापर्यंतची चिंता मिटेल, असं धंदा वाढवायच्या व्हिडिओतला मुलगा म्हणाला. आषाढ तो नाही म्हणाला, जुलै म्हणाला. तेच ते.

पासवर्ड देताना ब्रॉनीने एकच अट घातली. आई, मी कुठे आहे, कामावर निघाले का, आले का, यातलं काहीही पेजवर यायचं नाही. एक अक्षर नाही. बाळ आलं हे जगाला सांगायचा हक्क त्या घराचा. ती गाडीसुद्धा बाळंतिणीच्या दारात लावत नाही, कोपऱ्यावर लावते.

मी म्हटलं, मला शिकवतेस? मी पोस्टाच्या खिडकीवर जन्म काढला. अख्ख्या गावाची पत्रं माझ्या नाकाखालून गेली, कधी तोंड उघडलं नाही. (क्लबातल्या ग्लेनिसच्या बहिणीचं सोडून. ते सगळ्यांना माहीतच होतं.)

३ डिसेंबर

बाकीच्या डूलांची पेजं पाहिली. जेवण गेलं नाही.

एकीने गरोदर बाईच्या पोटावर पुडिंग रंगवलंय, वर बेंबीच्या जागी चेरी. दुसरीने दोन दिवसांचं लेकरू लाल मोज्यात कोंबून शेकोटीला टांगलंय. शेकोटी! इथे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, टाकीतलं पाणी चहाइतकं गरम येतं. तिसरीने कापसाचा बर्फ पसरून त्यात दुधाची बाटली रोवली आहे. आणि सगळ्यांना सगळं ‘जादुई’ वाटतं. मला तीन बाळंतपणं झाली. जादू वगैरे काही नव्हती. उलटीची बादली होती.

आपलं साधं असेल. खाटकाने दिलेल्या कॅलेंडरवर खुणा केल्या. एकदाच सगळे फोटो काढायचे, एकदाच सगळं लिहायचं, आणि मग पाय वर करून बसायचं. शुभेच्छा. भेटीची कुपनं. हौदाचा फोटो. नाताळच्या दिवशी आमच्या घरचा एक फोटो. नववर्ष. बस्स. कुणी शिकवलं नाही मला हे. आतून येतं.

५ डिसेंबर, दुपार

फोटोंचा दिवस.

आंब्याखाली टेबल मांडलं. रात्रभर वटवाघळांनी आंबे खाऊन चोथा टेबलाच्या जागीच टाकला होता. त्यावर मुंग्या. पुसलं. पुन्हा पडला.

मेणबत्ती उन्हाने वाकली. ज्या आकारात वाकली तो आकार बाळंतपणाच्या पेजवर घालण्यासारखा नव्हता. रॉस हसत बसला. त्याला सांताचा कोट घालायला लावला तर घामोळं आलं म्हणून काखा दाखवायला लागला. किळसवाणा माणूस. एकूण फोटो छान आले. दोन.

८ डिसेंबर

मोठी प्रगती. गोळ्यांचा क्लब सगळा आपल्या पेजवर आणला. हिरवळीवर गोळे घरंगळवता घरंगळवता एकेकीचा फोन हातात घेतला आणि जोडून दिला. सगळ्या साठीच्या पुढच्या आहेत हे खरं. पण त्यांना सुना आहेत, नाती आहेत. दूरचं बघावं लागतं.

ग्लेनिसला फोनचं काही येत नव्हतं. मी स्वतः तिच्या फोनवर घंटी लावून दिली. आपण काही टाकलं की तिच्या पर्समध्ये टणटण होणार.

संध्याकाळी ब्रॉनीला सांगितलं. ती सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, आई, अख्खं गाव सोडून ग्लेनिस?

तेव्हा तिला सांगावंच लागलं. ग्लेनिसची सून टॅमसिन ब्रॉनीकडे आहे, दिवस नाताळाच्या आसपासचे, घरीच बाळंत होणार. पहिल्या वेळी ग्लेनिस कळा चालू असताना कॅमेरा आणि मटणाचं भांडं घेऊन आत शिरली. खुर्ची ओढून बसली आणि आमच्या वेळी असं नव्हतं, आमच्या वेळी तसं नव्हतं, असं सांगत राहिली. टॅमसिनच्या कळा थांबल्या त्या थांबल्याच. इस्पितळात न्यावं लागलं. या वेळी तिने ब्रॉनीकडे एकच गोष्ट मागितली आहे. बाळ माझ्या छातीवर येईपर्यंत ग्लेनिसला कळता कामा नये.

मी म्हटलं, अगं मग कळणार कसं? मी काय दवंडी पिटणार आहे? आणि फॉलोअर हा फॉलोअर.

ब्रॉनी म्हणाली, आई, तुझ्या तोंडाची मला भीती नाही, तुझ्या उत्साहाची आहे.

हे कौतुकच धरलं.

१२ डिसेंबर

कुपनाची पोस्ट टाकली. ‘या नाताळात आईला विश्रांती भेट द्या.’ एक चौकशी आली. रॉसच्या मासेमारीतल्या मित्राची. हौदात बसून बिअर प्यायला मिळते का म्हणून. पुरुषजात.

शिवाय आपोआप उत्तर जायची सोय करून ठेवली. कुणीही पेजवर लिहिलं की लगेच जातं: ‘नाताळच्या गोड गोड शुभेच्छा!!! तुमचा निरोप आमच्यासाठी अनमोल आहे!!! ब्रॉनी कुटुंबासोबत रमली आहे!!! लवकरच लिहू!!! तोवर भरपूर पाणी प्या!!!’ उद्गारचिन्हं मी मोकळ्या हाताने घातली. कंजूषपणा कशाला.

१४ डिसेंबर

पलीकडच्या गावातल्या एका पोटुशीने पेजवर तीनदा काहीतरी विचारलं म्हणे आणि तिन्ही वेळा तिला पाणी प्या असंच गेलं. ती दुसरीकडे गेली. ब्रॉनी म्हणाली, बाळं काय नाताळची सुट्टी घेतात का आई? ते बंद कर.

करते म्हटलं. बटण सापडलं नाही. राहू दे. नम्र आहे, कुणाचं काय वाईट करतंय.

१७ डिसेंबर

आज तोंड दाखवायला जागा नाही. माझी चूक नाही.

हौदाच्या फोटोचा दिवस होता. मी केस करायला गेले होते, म्हणून रॉसला सांगितलं, मागच्या अंगणात जादाचा हौद फुगवून ठेवलाय, एक फोटो काढ आणि टाक. एवढं साधं काम. रॉसने तोवर त्याच हौदात बर्फ ओतून क्लबाच्या सोडतीत बक्षीस द्यायची सगळी कोळंबी ठेवली होती. फोटो काढला. टाकला. खाली मी आधीच लिहून ठेवलेलं: ‘इथे तुमचं बाळ पहिला श्वास घेईल.’

कोळंब्यांचे डोळे सगळे कॅमेऱ्याकडे.

आजवरचे सगळ्यात जास्त लाइक. लोकांची मला किळस येते. एकाने विचारलं, किलो कसे दिले.

ब्रॉनी हौदाकडे बघून आत गेली. दर वेळी आत नवं अस्तर घालतात, तरी मी तो व्हिनेगरने घासला, सोड्याने घासला, लिंबाने घासला. वास जात नाही. हाताला येतो, पावाला येतो, आता वहीलाही येतोय.

२० डिसेंबर

ब्रॉनीने बसवून समजावलं. आवाज न चढवता, जशी ती बाळंतिणींशी बोलते तशी. म्हणाली, आई, आता काही टाकू नकोस. नाताळच्या दिवशी घरातला एक फोटो, शुभेच्छा, संपलं. आणि माझी अट आठवते ना?

आठवते. न आठवायला काय झालं.

संकल्प: १. जास्त लिहायचं नाही. २. रॉसला फोन द्यायचा नाही. ३. कोळंबी या वर्षी नको.

२४ डिसेंबर

हॅम आणला. फ्रीजमध्ये जागा करायला गेले तर आइस्क्रीमचा डबा, वर ब्रॉनीच्या अक्षरात, उघडू नये. तिचा फ्रीज भरला म्हणून माझ्याकडे ठेवला. कुणाची तरी वार, बाळामागून पडते ती. वाळवून गोळ्या करतात हल्ली. हॅमच्या शेजारी! मी देवाचं नाव घेतलं आणि हॅम वरच्या कप्प्यात ढकलला. रॉसने विचारलं, व्हॅनिला आहे का. सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, झाकण अर्धं उघडून बसला होता.

रोज कोळंबीचा वास आहेच.

२५ डिसेंबर, दुपार

घाईत लिहिते.

टेबलावर सगळे होतो. कागदी टोप्या डोक्यावर. मी फोटोसाठी फोन टेकवत होते, तेवढ्यात ब्रॉनीचा फोन वाजला. ती उठली. टोपी काढली, चपला हातात घेतल्या, माझ्या डोक्यावर ओठ टेकवले आणि गेली. कोण, कुठे, विचारलं नाही मी. शहाणी बाई विचारत नाही.

म्हणजे घरातला फोटो गेला. महिनाभराचं नियोजन, आणि ऐन दिवशी पेज रिकामं!

मग दिसलं. तिची रिकामी खुर्ची. वाढलेलं ताट. रॉसने माश्या बसू नयेत म्हणून त्यावर जाळी ठेवली होती. बाजूला तिची कागदी टोपी. खिडकीतून ऊन. इतकं सुंदर, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. न पोट, न पुडिंग, न मोजा. साधं. खरं.

लिहिलं: ‘हे ताट आमच्या लेकीचं. तिला यायला उशीर होईल. कुणीतरी तिची जास्त वाट बघतंय.’

नाव नाही. पत्ता नाही. बाळ शब्दसुद्धा नाही. अट तंतोतंत पाळली.

रॉस म्हणाला, अगं मेरल, पण यावरून कळत नाही का? मी म्हटलं, पुडिंग खा.

२५ डिसेंबर, थोड्या वेळाने

टाकल्या टाकल्या लाल बदाम आला. ग्लेनिसचा! घंटी चोख काम करते. मग आयव्ही. मग अख्खा क्लब. कुणीतरी लिहिलं, डोळे भरून आले. ब्रॉनी आली की तिला दाखवीन. या एका फोटोने तिचा मार्च, एप्रिल भरून जाईल, बघत राहा.

ताट फ्रीजमध्ये ठेवलं. आइस्क्रीमच्या डब्यापासून लांब.

२६ डिसेंबर

ब्रॉनी सकाळी आली. उभ्यानेच बोलली. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

सगळं छान चाललं होतं. टॅमसिन हौदात, दिवे मंद, पंखा चालू, दाई कोपऱ्यात विणत बसलेली. तेवढ्यात जाळीचं दार आपटलं आणि ग्लेनिस आत. हातात काचेच्या भांड्यात केक-क्रीमचं ट्रायफल, गळ्यात कॅमेरा, डोक्यावर अजून टोपी. म्हणाली, सरप्राइज! म्हणाली, तुम्ही सांगितलं नाहीत तरी मला कळलं हो! गावात आज दुसरी कोण आहे बाळंत व्हायची?

ब्रॉनी आडवी उभी राहिली. तरी टॅमसिनने पाहिलंच. हौदातून उठली, ओली तशीच न्हाणीत गेली आणि आतून कडी लावली. कळा थांबल्या. ग्लेनिस दाराबाहेरून सांगत राहिली, अगं ये बाहेर, क्रीम वितळतंय.

शेवटी मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं, हायवेने. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पण झालं पुन्हा तेच, टेबल आणि तीव्र दिवे, तिला नको होतं तेच.

मी म्हटलं, सुखरूप आहेत ना, मग झालं.

ब्रॉनी म्हणाली, आई, इस्पितळात टॅमसिन माझ्याशी एकच वाक्य बोलली. तिने विचारलं, ग्लेनिसला कुणी सांगितलं. आणि मला म्हणावं लागलं, माझ्या पेजने.

मग आपल्या घरी गेली. ताट गरम करून देऊ का विचारायचं राहिलं.

२७ डिसेंबर

विचार केला. नाव मी घातलेलं नाही. ग्लेनिसला नाही तरी वास लागलाच असता, तिचं नाक तसलंच आहे. जाळी रॉसने ठेवली. जाळी नसती तर तो फोटो तसा दिसलाच नसता. फोन नेमका जेवताना वाजला हाही माझा दोष नाही. आणि रॉसला जर कळत होतं तर त्याने फोन हिसकावून घ्यायला हवा होता. पुडिंग खाल्लंन सगळं.

२८ डिसेंबर

पासवर्ड चालत नाही. तीनदा टाकला. नववर्षाची पोस्ट तयार आहे, वाकलेल्या मेणबत्तीची, नीट कापून घेतलेली. वाया जाणार.

ब्रॉनी चहाला आली नाही.

३० डिसेंबर

क्लबात गेले. जायला नको होतं.

ग्लेनिसने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. म्हणाली, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला नाताळ, आणि तो हिच्यामुळे. ही नसती तर मला कुणी कळवलं असतं? सून माझी मूग गिळून बसते. मेरल, तू खरी मैत्रीण. घंटी वाजली तशी मी ट्रायफल उचललं आणि निघाले!

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने फोटो दाखवले. कॅमेऱ्यातले छापूनच आणले होते. त्यातला एक न्हाणीच्या बंद दाराचा. दारासमोर जमिनीवर ट्रायफलचं भांडं. फोटोच्या कडेला माझ्या लेकीची पाठ, दोन्ही हात पसरून दार अडवलेली.

ग्लेनिस म्हणाली, बघ, दोघी किती लाजऱ्या.

ऊन फार होतं. गोळा न टाकताच घरी आले.

पोटावर पुडिंग रंगवणारी ती बाई. तिने निदान त्या पोटाच्या बाईला विचारलं असेल.

२ जानेवारी

ब्रॉनीच्या दोरीवर पांढरा शर्ट वाळतोय. औषधाच्या दुकानाचा. खिशावर अजून नावाची पट्टी आहे.

रॉस जाऊन भेटून आला. म्हणाला, फेब्रुवारीतल्या दोघींनीही कळवलं, आम्ही दुसरीकडे बघतो. लहान गाव आहे, बातमी पसरते, दुसरं काही नाही. मी विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाली? रॉस म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, काहीतरी म्हणाली असेल. तो म्हणाला, मेरल, काहीच नाही म्हणाली. मग आपणहून भांडी घासायला लागला. गुडघ्याचं नावही काढलं नाही.

फ्रीजमधलं ताट काढलं. जाळी उचलली. बटाट्यावर हिरवी लव आली होती, हॅमला चिकट पाणी सुटलं होतं. शी. टफीनेही तोंड फिरवलं. अंगणात पुरलं, कारण कचऱ्याच्या डब्याला अजून कोळंबीचा वास आहे.

३ जानेवारी, सकाळ

अंगण ओलांडून जायचं म्हणजे पन्नास पावलं नसतील. पण दार वाजवावं तर ती उघडेल, आणि उघडून नुसती बघेल. ते नको.

म्हणून पेजवर लिहिलं. माझ्या स्वतःच्या नावाने, कुठल्याही गिऱ्हाइकाने लिहावं तसं. आधी सगळ्यांची विचारपूस, माझी रीत. लिहिलं: ब्रॉनी, खोकला कसा आहे? टॅमसिनचे टाके भरत आले का? तिचं दूध उतरलं का? मोठं पोर धाकटीला सांभाळतंय का? बाळ गुटगुटीत आहे ना? नाव सांगू नकोस, त्यांनी सांगितलं नसेल तर. बाबाचा गुडघा बरा. टफीचा कान बरा. आयव्हीला सगळं दिसतं. माझं विचारू नकोस.

पाठवलं. आणि लगेच उत्तर आलं!

‘नाताळच्या गोड गोड शुभेच्छा!!! तुमचा निरोप आमच्यासाठी अनमोल आहे!!! ब्रॉनी कुटुंबासोबत रमली आहे!!! लवकरच लिहू!!! तोवर भरपूर पाणी प्या!!!’

पुन्हा वाचलं. इतकं चिकट, इतकं लोचट काही मी महिनाभरात कुणाच्याही पेजवर वाचलं नव्हतं.

पाणी प्यायले. मग खाली दुसरं लिहिलं. उद्गारचिन्ह एकही नाही.

ब्रॉनी, वरचं मीच लिहिलेलं आहे, मला ठाऊक आहे. ते बटण मला तेव्हा सापडलं नाही, तुला सापडेल. ते बंद कर आणि तू लिही. एक ओळ लिही. शिव्या दे. पण तुझ्या हाताने लिही, आणि लवकर लिही.